नांवाची हद्द

पायथन हें नांव आतां सुशिक्षित घरांतून अपरिचित राहिलेलें नाहीं. शाळेच्या वरच्या वर्गांत, कॉलेजांत, कचेऱ्यांच्या आणि प्रयोगशाळांच्या कामांत ही संगणकाची भाषा शिरली आहे. आणि ती शिकूं लागलेल्या मुलामुलींना पहिल्या कांहीं आठवड्यांतच एक चमत्कारिक अनुभव येतो. त्यांनीं एक यादी केलेली असते. त्या यादींत भर घालणारें एक लहानसें फंक्शन त्यांनीं लिहिलेलें असतें. एका रीतीनें लिहिलें तर यादींत भर पडते. दुसऱ्या रीतीनें लिहिलें, आणि ही रीति वाचतांना पहिलीहून फारशी निराळी वाटतहि नाहीं, तर यंत्र मध्येंच थांबून सांगतें कीं, या नांवाला अजून मूल्यच मिळालेलें नाहीं. तिसऱ्या रीतीनें लिहिलें तर यंत्र तक्रार करीत नाहीं, काम निमूटपणें पुरें करतें, आणि यादी मात्र होती तशीच राहते. यादी एक, हेतु एक, आणि निकाल तीन! विद्यार्थी वैतागून म्हणतो कीं, ही भाषाच लहरी आहे.

ही लहर नव्हे, हें आजच्या भाषणांत मला दाखवावयाचें आहे. या तीन निकालांच्या मागें जवळजवळ दीडशें वर्षांचा विचार आहे, आणि तो विचार ज्यांनीं केला त्यांच्यापैकीं पहिल्यांनीं संगणक पाहिलाहि नव्हता. तो इतिहास समजला म्हणजे यंत्राची तक्रार समजते. आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे, यंत्र जेथें तक्रार करीत नाहीं तेथें आपण कां सावध राहिलें पाहिजे, हेंहि समजतें.

रेडिओवर फळा नसतो. म्हणून उदाहरण घरांतलेंच घेऊं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर वाणसामानाची एक यादी टांगली आहे. तिच्यावर तांदूळ आणि तुरीची डाळ अशा दोन नोंदी आहेत, आणि तिला आपण ‘यादी’ हेंच नांव दिलें आहे. आतां गूळ आणावयाचा आहे. त्यासाठीं आपण एक फंक्शन लिहितों. फंक्शन म्हणजे एकदां लिहून ठेवावी आणि पुढें नांव घेऊन वाटेल तितक्या वेळां करवून घ्यावी अशी कृति. या कृतींत आज्ञा तीन प्रकारें लिहितां येईल. पहिला प्रकार : ‘यादीच्या शेवटीं गूळ लिही.’ दुसरा प्रकार : ‘आतांची यादी आणि गूळ मिळून जें होईल त्याला यादी म्हण.’ तिसरा प्रकार : ‘नुसता गूळ लिहिलेल्या कोऱ्या कागदाला यादी म्हण.’ पहिल्या आज्ञेनें भिंतीवरच्या यादींत गूळ येतो. दुसऱ्या आज्ञेपाशीं यंत्र अडतें. तिसरी आज्ञा बिनबोभाट पार पडते, पण भिंतीवर पाहावें तों तांदूळ आणि डाळच!

या कोड्याची गोम अशी कीं, त्यांत दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. पहिला प्रश्न नांवाचा आहे : एखादें नांव उच्चारलें असतां तें कोणत्या हद्दींतलें समजावयाचें? दुसरा प्रश्न वस्तूचा आहे : त्या नांवानें दाखविलेली वस्तु बदलली, कीं नांवच उचलून दुसऱ्या वस्तूला दिलें?

पहिल्या प्रश्नाची ओळख आपल्याला वाड्यांतल्या राहणींत होते. ‘आई’ हा शब्द प्रत्येक बिऱ्हाडांत आहे आणि प्रत्येक बिऱ्हाडांत तो निराळ्या बाईला लागतो. शेजारच्या मुलानें ‘आई’ अशी हांक मारली म्हणून आपली आई उठून जात नाहीं. पण ‘आड’ म्हटलें कीं सर्व बिऱ्हाडांना चौकांतला तो एकच सामाइक आड समजतो, कारण कोणाच्याहि बिऱ्हाडांत स्वतःचा आड नाहीं. नांव आधीं आपल्या घरांत शोधावयाचें, तेथें नसेल तर वाड्यांत, आणि वाड्यांतहि नसेल तर गांवांत, हा नियम कोणी न शिकवितां आपण पाळतों.

दुसऱ्या प्रश्नाचेंहि उदाहरण आपल्या चालीरीतींत आहे. लग्नांत मुलीचें नांव बदलण्याची चाल आपल्याकडे पुष्कळ घरांत होती. माहेरची यमुना सासरीं लक्ष्मी झाली. नांवें दोन, व्यक्ति एकच. सासरीं लक्ष्मी शिवणकाम शिकली, तर माहेरपणाला आलेल्या यमुनेलाहि शिवणकाम येतेंच. परंतु पुढें सासरच्या मंडळींनीं ‘लक्ष्मी’ हें नांव नव्या नातीला ठेवलें, तर माहेरच्या यमुनेंत तिळमात्र फरक पडत नाहीं. पहिल्या प्रसंगीं माणूस बदललें. दुसऱ्या प्रसंगीं नुसतें नांव हललें. हा भेद मनांत ठेवून आतां इतिहासाकडे वळूं.

नांवाच्या हद्दीचा विचार शास्त्रशुद्ध रीतीनें प्रथम मांडला तो तर्कशास्त्रज्ञांनीं. जर्मनींत येना येथील गणिताचे अध्यापक गोटलोब फ्रेगे यांनीं १८७९ सालीं ‘बेग्रिफ्सश्रिफ्ट’ नांवाचें एक छोटें पुस्तक प्रसिद्ध केलें. ‘प्रत्येक’ या अर्थाच्या विधानांत जें अक्षर येतें त्याची सत्ता विधानाच्या केवढ्या भागावर चालते, हें त्यांनीं आपल्या चिन्हलिपींत स्पष्ट आंखून दिलें. त्या हद्दीच्या आंत तें अक्षर बदलून दुसरें नवें अक्षर घातलें तरी अर्थ बदलत नाहीं, आणि हद्दीबाहेर त्याच अक्षराला निराळा अर्थ असूं शकतो, ही गोष्ट त्यांनीं ओळखली. पुढें अमेरिकेंत प्रिन्स्टन येथें आलोन्झो चर्च यांनीं १९३० नंतरच्या दशकांत लॅम्डा-कलन नांवाचें एक शास्त्र रचिलें. फंक्शन म्हणजे काय, याचा तो अगदीं मुळापासून केलेला विचार होता. एका फंक्शनमधलें नांव दुसऱ्या फंक्शनमध्यें शिरून तेथील सारख्याच नांवाशीं घोटाळा करूं नये, म्हणून नांव केव्हां बदलावयाचें याचे कडक नियम त्यांत होते. आज पायथनमध्यें बिननांवाच्या लहान फंक्शनला ‘लॅम्डा’ म्हणतात, तें नांव मूळचें या शास्त्रांतलें.

संगणक आले आणि हा कागदावरचा विचार व्यवहारांत उतरविण्याची वेळ आली. १९६० सालच्या जानेवारींत युरोप व अमेरिका येथील तेरा तज्ज्ञ पॅरिस येथें जमले आणि त्यांनीं अल्गोल ६० ही भाषा निश्चित केली. तिचा अहवाल डेन्मार्कचे पीटर नाउर यांनीं संपादिला. या भाषेंत प्रोग्रॅमचे खंड पाडतां येत. खंडाच्या आरंभीं जीं नांवें जाहीर करावयाचीं तीं त्या खंडापुरतीं. खंड संपला कीं नांवांचा अंमल संपला. बाहेर त्याच नांवाची दुसरी वस्तु असली तर खंडापुरती ती झाकली जाई, आणि खंडाबाहेर पडतांच पुन्हां दिसूं लागे. नांव कोणाचें, हें ठरविण्यासाठीं प्रोग्रॅम चालवून पाहण्याची गरज नव्हती. कागदावर वाचूनच तें ठरवितां येई. वाड्याचा नकाशा पाहून कोणती खोली कोणत्या बिऱ्हाडाची हें सांगतां यावें, तसाच हा प्रकार.

हें इतकें उघड वाटतें कीं, याहून निराळें कोणी करील असें मनांतहि येत नाहीं. पण त्याच सुमारास निराळें झालें होतें. मॅसाच्युसेट्स तंत्रसंस्थेंत जॉन मॅकार्थी यांनीं १९५८ पासून लिस्प ही भाषा घडविली. याद्या हाच तिचा प्राण. तिच्या पहिल्या रूपांत असें होई कीं, एखाद्या कृतींत स्वतःचें नसलेलें नांव आलें, तर त्याचा अर्थ ती कृति जेथें लिहिली तेथून न घेतां, त्या घटकेला तिला जो कामाला लावील त्याच्याकडून घेतला जाई. म्हणजे एका घरांत शिकलेला स्वयंपाकी ‘आमचें तिखट’ म्हणतो तेव्हां, ज्या घरीं तो आज कामाला गेला त्या घरचें तिखट समजावयाचें! अशा स्वयंपाक्याची आमटी प्रत्येक घरीं निराळी होणार, हें सांगावयास नकोच. मॅकार्थी यांनीं पुढें लिस्पचा इतिहास सांगतांना कबूल केलें आहे कीं, ही अडचण प्रथम लक्षांत आली तेव्हां त्यांना ती एक साधी चूक वाटली, आणि त्यांचे सहकारी स्टीव्ह रसेल ती लौकरच दुरुस्त करतील अशी त्यांची खात्री होती. रसेल यांनीं एक युक्ति काढलीहि. परंतु प्रश्न युक्तीनें सुटण्याइतका वरवरचा नव्हता. त्यावर पुढें कित्येक वर्षें खल चालला. १९७५ सालीं त्याच संस्थेंत जेराल्ड ससमन व गाय स्टील यांनीं लिस्पच्याच कुळांतली स्कीम ही भाषा रचिली आणि तिच्यांत नांवाचा अर्थ लिहिल्या जागेवरून ठरविण्याचा अल्गोलचा नियम घेतला. १९८४ च्या कॉमन लिस्पनेंहि तोच मार्ग धरला. अशा रीतीनें पहिल्या प्रश्नाचें उत्तर बहुतेक सर्वमान्य झालें : नांवाची हद्द लिहिलेल्या मजकुरावरून ठरावी, चालू घडामोडींवरून नव्हे.

दुसरा प्रश्न, म्हणजे वस्तूचा, अधिक नाजूक होता. इंग्लंडांत ऑक्सफर्ड येथील क्रिस्टोफर स्ट्रॅची यांनीं १९६७ सालीं कोपनहेगनच्या एका उन्हाळी वर्गांत जीं व्याख्यानें दिलीं त्यांत या प्रश्नाची फोड आहे. तीं व्याख्यानें छापून प्रसिद्ध झालीं तीं थेट २००० सालीं; पण हस्तलिखिताच्या प्रतींतूनच तीं जाणकारांत पसरलीं होतीं. ‘याला हें म्हण’ अशी आज्ञा देतों तेव्हां डाव्या बाजूचें नांव आणि उजव्या बाजूचें नांव यांचीं कामें निराळीं असतात, हें त्यांनीं उलगडून दाखविलें. उजवीकडचें नांव आपण वाचतों. तेथें काय ठेवलें आहे तें आपल्याला हवें असतें. डावीकडचें नांव आपण वाचीत नाहीं. तेथें जागा हवी असते. त्यानंतरच्या दशकांत मॅसाच्युसेट्स तंत्रसंस्थेंतच बार्बारा लिस्कोव्ह व त्यांचे सहकारी यांनीं क्लू ही भाषा रचिली. तिच्यांत फंक्शनला वस्तु देणें म्हणजे तिची प्रत काढून देणें नव्हे, तर तीच वस्तु दुसऱ्या नांवानें वांटून घेणें होय, असें तत्त्व स्पष्ट शब्दांत सांगितलें होतें. यमुना आणि लक्ष्मी यांचाच हा न्याय. फंक्शननें वस्तु बदलली तर ती देणाऱ्यालाहि बदललेली दिसेल. फंक्शननें आपलें नांव दुसऱ्या वस्तूला दिलें तर देणाऱ्याला त्याचा पत्ताहि लागणार नाहीं.

या पार्श्वभूमीवर १९८९ सालच्या नाताळांत ॲम्स्टरडॅम येथील सी. डब्ल्यू. आय. या गणित व संगणकशास्त्राच्या संशोधनसंस्थेंत गीडो व्हान रॉसम यांनीं पायथनच्या रचनेस हात घातला; १९९१ च्या फेब्रुवारींत ती प्रथम लोकांपुढें आली. त्याआधीं ते त्याच संस्थेंत नवशिक्यांसाठीं केलेल्या ए-बी-सी नांवाच्या भाषेवर काम करीत होते. पायथनला पुष्कळ गोष्टी ए-बी-सीकडून मिळाल्या, पण याद्यांच्या बाबतींत तिनें वाट बदलली. ए-बी-सींत एक यादी दुसऱ्या नांवानें ठेवली म्हणजे व्यवहारतः तिची स्वतंत्र प्रत झाली असें समजावयाचें; एकींत केलेला फरक दुसरींत दिसत नसे. पायथनमध्यें नांव म्हणजे वस्तूला बांधलेली चिठ्ठी. एका यादीला दहा चिठ्ठ्या बांधल्या तरी यादी एकच.

हद्दीच्या बाबतींत पायथनपुढें एक विशेष अडचण होती. अल्गोलमध्यें प्रत्येक नांव आधीं जाहीर करावें लागे, त्यामुळें तें कोणत्या खंडाचें हें उघड होतें. पायथननें जाहीर करण्याचा हा सोपस्कार काढून टाकला. लिहिणाऱ्याचे श्रम वांचले. पण मग फंक्शनमध्यें ‘यादी’ असें लिहिलें तर ती फंक्शनची स्वतःची समजावयाची कीं बाहेरची? पायथनचा निर्णय असा : फंक्शनच्या मजकुरांत कोठेंहि त्या नांवाला कांहीं देण्याची आज्ञा असेल, तर तें नांव त्या सबंध फंक्शनपुरतें स्वतःचें समजावें, तशी आज्ञा कोठेंच नसेल, तर तें बाहेर शोधावें. आणि हा निर्णय फंक्शन चालूं लागल्यावर ओळीमागून ओळ होत नाहीं. यंत्र आधीं सगळा मजकूर नजरेखालून घालतें, आणि नांवांची वांटणी तेव्हांच करून मोकळें होतें.

आतां भिंतीवरच्या यादीकडे पुन्हां पाहूं. पहिल्या आज्ञेंत, ‘यादीच्या शेवटीं गूळ लिही’ हिच्यांत, ‘यादी’ या नांवाला कांहींच दिलेलें नाहीं. तें नुसतें वाचलें आहे. म्हणून यंत्र तें बाहेर शोधतें, भिंतीवरची यादी त्याला सांपडते, आणि त्या वस्तूवर गूळ लिहिला जातो. तिसऱ्या आज्ञेंत नांवाला नवा कागद दिला आहे. म्हणून ‘यादी’ हें फंक्शनचें स्वतःचें नांव झालें. फंक्शन संपलें, तें नांव आणि तो कागद दोन्ही गेलीं. भिंतीला कोणी हातहि लावला नाहीं. आणि दुसऱ्या आज्ञेंत? तिच्यांतहि नांवाला कांहीं देण्याची भाषा आहे, म्हणून ‘यादी’ फंक्शनची स्वतःचीच ठरली. पण द्यावयाचें काय, तर ‘आतांची यादी आणि गूळ’. आतांची कोणती? फंक्शनच्या स्वतःच्या यादीला अजून कांहींच मिळालेलें नाहीं, आणि बाहेरची यादी या नांवाखालीं दिसत नाहीं, कारण घरच्या नांवानें ती झाकली गेली आहे. बिऱ्हाडांत स्वतःचा आड खणावयाचें ठरविलें, चौकांतल्या आडाकडे पाठ फिरविली, आणि पहिली कुदळ पडण्याआधींच घरच्या आडांत पोहरा सोडला, असें हें झालें! यंत्र थांबतें तें येथें.

या तक्रारीला पायथननें २००० सालीं स्वतंत्र नांव दिलें. इंग्रजीतल्या त्या नांवाचा भावार्थ ‘न बांधलेलें स्थानिक नांव’ असा आहे. त्याच वर्षीं पायथनमध्यें आणखी एक सोय आली, आणि तिनें या घोटाळ्यांत भरच घातली. अधिक आणि बरोबर हीं दोन चिन्हें जोडून लिहिलीं कीं ‘यांत एवढें मिळव’ असा अर्थ होऊं लागला. यादीच्या बाबतींत ही आज्ञा दोन कामें एकदम करते : मूळ वस्तूंत भर घालते, आणि तें नांव त्याच वस्तूला पुन्हां बांधते. वाचणाऱ्याला पहिलें काम दिसतें, दुसरें दिसत नाहीं. परंतु यंत्राच्या दृष्टीनें नांव बांधलें गेलें, म्हणजे तें फंक्शनचें स्वतःचें झालें. आणि बाहेरच्या यादीसाठीं ही आज्ञा वापरली कीं तीच तक्रार उभी राहते. उलट, तीच यादी फंक्शनला रीतसर हातीं दिली, म्हणजे पॅरामीटर म्हणून दिली, तर ही आज्ञा सुरळीत चालते आणि देणाऱ्याची मूळ यादी बदलून जाते. मात्र त्याच ठिकाणीं ‘आतांची यादी आणि गूळ मिळून जें होईल त्याला यादी म्हण’ असें सविस्तर लिहिलें, तर नवीन यादी तयार होते आणि देणाऱ्याची यादी अबाधित राहते. दिसण्यांत जें केवळ संक्षेपाचें अंतर, तें करण्यांत एवढें मोठें आहे.

हद्दीचा नियम एका बाबतींत बरींच वर्षें अपुरा होता. आरंभीं पायथनमध्यें फंक्शनच्या आंत दुसरें फंक्शन लिहिलें, तर आंतल्याला बाहेरच्या फंक्शनचीं नांवें दिसतच नसत. त्याला स्वतःचीं नांवें दिसत, सबंध प्रोग्रॅमच्या चौकांतलीं दिसत, आणि भाषेचीं अंगभूत नांवें दिसत. जेरेमी हिल्टन यांच्या प्रस्तावानें २००१ सालीं ही उणीव निघाली. पण आंतल्या फंक्शनला बाहेरचें नांव वाचतां आलें तरी तें हलवितां येत नव्हतें, कारण हलवावयास गेलें कीं तें नांव आंतलेंच ठरे. तेव्हां प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनीं एक पळवाट काढली. जो एखादा आंकडा बदलावयाचा असेल तो एका घराच्या यादींत ठेवावयाचा, आणि आंतून त्या यादीचें तें एक घर बदलावयाचें. नांवाला कोणी हात लावीत नाहीं, वस्तु मात्र बदलते. नियम मोडला नाहीं आणि कामहि झालें! पुढें का-पिंग यी यांच्या २००६ च्या प्रस्तावाप्रमाणें ‘नॉनलोकल’ हा शब्द आला आणि २००८ च्या डिसेंबरांत प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या पायथनमध्यें ही पळवाट अनावश्यक ठरली. ‘हें नांव माझें नव्हे, मला वेढणाऱ्या फंक्शनचें आहे,’ असें आतां उघड सांगतां येतें. जसें चौकांतल्या नांवाविषयीं ‘ग्लोबल’ या शब्दानें आधींपासूनच सांगतां येत होतें.

कोणी विचारील कीं, एवढा उपद्व्याप कशाला? नांव घरांत नाहीं तर बाहेरचें घ्यावें आणि तेंच बदलावें, असा सरळ नियम कां केला नाहीं? याला उत्तर म्हणून एका दुसऱ्या भाषेचें उदाहरण देतां येतें. १९९५ सालीं ब्रेंडन आइक यांनीं रचिलेल्या जावास्क्रिप्टमध्यें, फंक्शनच्या आंत न जाहीर केलेल्या नांवाला कांहीं दिलें कीं तें नांव निमूटपणें सबंध प्रोग्रॅमचें होऊन बसे. एक शब्द लिहावयाचा विसरला, आणि घरांतला पसारा चौकांत आला. तक्रार नाहीं, सूचना नाहीं. कोठें तरी दूर दुसऱ्याच कोणाचें काम बिघडे. २००९ सालीं त्या भाषेनें एक ‘कडक’ शिस्त ऐच्छिक म्हणून आणली, आणि तिच्यांत ही गोष्ट चूक ठरविली. पायथनचा नियम नवशिक्याला जाचतो हें खरें. पण त्या नियमामुळेंच शंभर माणसें मिळून लिहीत असलेल्या प्रोग्रॅममध्यें प्रत्येकाला आपल्या फंक्शनच्या आंत ‘यादी’, ‘बेरीज’, ‘नांव’ असे साधे शब्द इतर नव्व्याण्णवांना न विचारतां वापरतां येतात. बाहेरची वस्तु आपल्या हातून अनवधानानें बिघडूं नये, म्हणून बाहेरचें नांव हलविणाऱ्यानें तसें बोलून दाखवावें, एवढीच पायथनची अट आहे.

मात्र या संरक्षणाची मर्यादाहि ओळखली पाहिजे. तें नांवाचें संरक्षण आहे, वस्तूचें नव्हे. चौकांतल्या आडाचें नांव तुम्हीं घरांत बदलूं शकत नाहीं. पण आडांत कांहीं टाकलेंत, तर तें सर्व वाड्याच्या पाण्यांत गेलें. पहिल्या आज्ञेनें गूळ लिहिला गेला तेव्हां यंत्रानें चकार शब्द काढला नाहीं, आणि हें सोयीचें वाटलें. परंतु त्या यादीला दुसरें कोणी दुसऱ्या नांवानें बांधलेलें असेल, तर त्याच्याहि यादींत गूळ आला, आणि तो कोठून आला हें त्याला कळण्याचें साधन नाहीं. असाच एक दोष सर्वांच्या परिचयाचा आहे. फंक्शनला कांहीं हातीं न दिलें तर ‘रिकामी यादी घे’ असें लिहून ठेवण्याची सोय पायथनमध्यें आहे. पण ती रिकामी यादी फंक्शन जन्माला येतांना एकदांच तयार होते. दर वेळीं नवी मिळत नाहीं. पहिल्या खेपेस तिच्यांत घातलेला गूळ दुसऱ्या खेपेस तेथेंच असतो. अल्गोल ६० मध्यें, नांव खंडापुरतेंच पण मूल्य खेपेखेपेला टिकणारें, अशी एक जात मुद्दाम केलेली होती आणि ती मागून घ्यावी लागे. पायथनमध्यें ती न मागतां पदरीं पडते.

यावर उपाय अवघड नाहींत. फंक्शनला जें लागतें तें त्याच्या हातीं द्यावें आणि जें निष्पन्न होईल तें त्याच्याकडून परत घ्यावें. भिंतीवर हात घालण्याची मुभा होतां होईल तों देऊंच नये. फंक्शन दुसऱ्याची यादी बदलणार असेल तर त्याच्या नांवांतच तसें सांगावें. यादी जशीच्या तशी राखावयाची असेल तर आधीं तिची प्रत काढावी. पायथनच्या कर्त्यांनीं स्वतः या बाबतींत एक सूक्ष्म शिस्त पाळली आहे. यादीला जागच्या जागीं क्रम लावण्याची आज्ञा दिली, तर उत्तर म्हणून यादी परत मिळत नाहीं. कांहींच मिळत नाहीं. वस्तु बदलली आहे, नवी झालेली नाहीं, याची ती मुद्दाम दिलेली आठवण आहे. नवी क्रमवार यादी हवी असणाऱ्यासाठीं निराळें फंक्शन २००४ सालीं भाषेंत घालण्यांत आलें.

२०२२ सालीं पायथनच्या ३·११ या आवृत्तींत तक्रारीचे शब्दहि बदलले. पूर्वी यंत्र सांगे कीं, स्थानिक नांव मूल्य मिळण्याआधींच वापरलें आहे. आतां तें सांगतें कीं, या ठिकाणीं या स्थानिक नांवाशीं कोणतेंहि मूल्य जोडलेलें नाहीं. पहिल्या वाक्यांत केवळ आधीं आणि नंतर यांचा हिशेब होता. दुसऱ्यांत नांव आणि वस्तु हीं दोन निराळीं असून मधला धागा बांधलेला नाहीं, हें सांगितलें आहे. तुमच्या घरचा विद्यार्थी ही तक्रार घेऊन आला तर त्याला इतकेंच विचारावें : या ओळींत तूं यादी बदलीत आहेस, कीं ‘यादी’ हें नांव दुसऱ्या वस्तूला देत आहेस? त्याचें उत्तर त्याला देतां आलें म्हणजे ही तक्रार सुटेल, आणि जेथें यंत्र गप्प राहतें तेथें काय पाहावयाचें हेंहि त्याला उमगेल.